हिशोब वर जातो, खाली येत नाही

शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती पैसा ठेवावा की काढून घ्यावा, हा वाद आमच्या नाशिक जिल्ह्यात दर मार्चला उकळतो आणि जूनला निवतो. एका बाजूला शिक्षक. त्यांचे म्हणणे, समिती म्हणजे गावच्या राजकारणाची धाकटी पाती. अध्यक्षाला कॅशबुक आणि पासबुक यांतला फरक सांगता येत नाही, सही करायला तो दोन-दोन दिवस सापडत नाही, आणि सापडला की त्याला मेहुण्याच्या दुकानाची आठवण होते. काढा त्याची सही आणि मुख्याध्यापकाला मोकळे करा. दुसऱ्या बाजूला पालक आणि त्यांचे पुढारी. त्यांचे म्हणणे, खरेदीआधी दुकानदारांकडून घ्यायची तिन्ही कोटेशने एकाच हस्ताक्षरात असतात आणि रंगकाम भिंतीआधी व्हाउचरवर होते, तेव्हा लावा आणखी एक तपासणी, ठेवा आणखी एक नोंदवही. एकाने पालकाला अडाणी ठरवायचे, दुसऱ्याने शिक्षकाला चोर, आणि चहा संपला की दोघांनी आपापल्या मोटारसायकलीला किक मारायची.

दोन्हीकडचे म्हणणे मला अर्धे-अर्धे पटते, वाद मात्र पूर्ण चुकलेला वाटतो. कारण हिशोब द्यायचा तो वरच्याला, हे दोघांनीही न बोलता धरून ठेवले आहे. शाळेतला कागद केंद्रप्रमुखाकडे जातो, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्याकडे, तिथून जिल्हा परिषदेत, आणि पुढे कुठल्याशा संगणकात आकडा होऊन बसतो. ज्या पोरांसाठी पैसा आला, त्यांच्या आईबापांपर्यंत एक चिठोरी येत नाही. नियम कमी म्हणून घोटाळे होतात, हे मला मान्य नाही. नियम भरपूर आहेत, पण त्यांची तोंडे वर आहेत. समितीकडचा पैसा काढू नये, उलट वाढवावा; आणि त्याचा हिशोब आधी पालकांपुढे, शाळेच्या भिंतीवर मांडणे सक्तीचे करावे, वर मागाहून पाठवावा, असे माझे म्हणणे आहे.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो वाचलेला असतो. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ने विनाअनुदानित सोडून बाकी शाळांना व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. सदस्यांत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. कामे सांगितली ती अशी: शाळेच्या कारभारावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणे, आणि सरकार, स्थानिक संस्था किंवा अन्य कुणाकडूनही आलेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे. आपल्याकडे अध्यक्ष पालकांतून निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव असतो, खाते दोघांच्या सहीने चालते. त्याआधीच्या ग्राम शिक्षण समितीत सरपंच आणि गावातल्या प्रतिष्ठितांचा वावर असे. २००९च्या कायद्याने खुर्ची त्यांच्याकडून काढून ज्याचे पोर वर्गात बसते त्याला दिली. बदल मोठा होता. पण खुर्ची हलली तरी वही हलली नाही.

माझी मुलगी चौथीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली आणि त्यातली दोन वर्षे मी समितीवर सदस्य होतो. त्या दोन वर्षांत कागदावर बहुधा प्रत्येक महिन्याला सभा झाली. प्रत्यक्षात मी चार सभांना बसलो. उरलेल्या सभा एक मुलगा रजिस्टर काखेत मारून घरी घेऊन यायचा. 'सरांनी सही मागितलीय.' चहाच्या कपाशेजारी प्रोसिडिंग बुक उघडे, वर ठराव लिहून तयार, खाली माझ्या नावापुढे रिकामी जागा. मी सह्या केल्या. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण ते गाळून इतरांच्या प्रामाणिकपणावर लेख लिहिणे अधिक वाईट. ते मुख्याध्यापक माझ्या माहितीप्रमाणे सचोटीचे होते. मला त्यांच्यावर संशय नव्हता आणि नेमकी तीच अडचण होती. माणूस चांगला असला की आपण कागद वाचत नाही, आणि पुढचा माणूस कसा निघेल हे ठाऊक नसताना न वाचता सही करायची सवय मात्र गावाला लागून जाते.

आता पैसा किती? केंद्राच्या 'समग्र शिक्षा' या शालेय योजनेच्या निकषांनुसार वर्षाचे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते: तीसपर्यंत १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००, हजारपर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. वीजबिल, खडू, फुटलेला नळ, गळका पत्रा, कागद, झाडू, सगळे यातूनच. पेठ किंवा सुरगाण्यातल्या पाड्यावरची अठ्ठावीस पोरांची शाळा वर्षाला दहा हजारांत चालते, म्हणजे महिन्याला साडेआठशे रुपयेसुद्धा नाहीत. आणि या साडेआठशेंसाठी कॅशबुक, व्हाउचर फाइल, कोटेशने, तुलनात्मक तक्ता, ठराव, डेडस्टॉक म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंद, उपयोगिता प्रमाणपत्र, आणि वर ऑनलाइन नोंदी. शिक्षक चिडतात ते उगीच नाही.

इथे समोरच्या बाजूचे बळकट मुद्दे मान्य करायला हवेत, नाही तर हा लेखही त्या चहाच्या टपरीवरच्या वादाची पुढची फेरी ठरेल. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत कारकून नसतो. दोन शिक्षकी शाळेत मुख्याध्यापक म्हणजे चार इयत्तांपैकी दोन शिकवणारा माणूस. तो बँकेत गेला की वर्ग बंद. दुसरे, पैसा वेळेवर येत नाही. २०२१ पासून केंद्राच्या योजनांची रक्कम राज्याच्या एका मुख्य खात्यात राहते आणि शाळेच्या शून्य शिल्लक खात्याला फक्त खर्चाची मर्यादा मिळते. ती मर्यादा वर्ष संपता-संपता पडली आणि ३१ मार्चच्या आत वापरली नाही, की गेली. जूनमध्ये फुटलेला नळ मार्चपर्यंत थांबत नाही. मग गुरुजी खिशातून पैसे घालतात, दुकानदाराकडे उधारी करतात, आणि मार्चमध्ये त्या जुन्या खर्चाला नव्या तारखेचे बिल जोडतात. पैसा नळावरच गेलेला असतो, पण कागद खोटा असतो. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, वसुली लागते, निवृत्तीच्या वेळी तो आक्षेपाचा परिच्छेद आडवा येतो. ज्याने खिशातून घातले त्याच्याकडूनच वसूल करणाऱ्या व्यवस्थेला काय म्हणायचे? मार्चमध्येच वाद का उकळतो, त्याचे उत्तर हे.

पालकांबद्दलचा आक्षेपही खोटा नाही. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीपासून खुड्यापर्यंत राबणारी कितीतरी माणसे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरून येतात. शहरात सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणारा बाप सकाळी अकराच्या सभेला येणार कसा? अध्यक्षपदी बाई निवडून येते आणि सभेला तिचे यजमान बसतात, हेही होते. गटबाजी होते. अध्यक्षपदाकडे ग्रामपंचायतीची पहिली पायरी म्हणून पाहणारे असतात. हे सगळे मी मान्य करतो. मला फक्त पुढचा निष्कर्ष मान्य नाही, की म्हणून पालकांना हिशोब कळत नाही.

लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर घेऊन आलेला शेतकरी पाहा. लिलाव संपला की हातात हिशोबपट्टी पडते. हमाली किती, तोलाई किती, वाराई किती कापली, भावात किती रुपयांनी दाबले, हे तो उभ्या-उभ्या पाहतो आणि पाच रुपये जास्त कापले तर आवाज चढवतो. शाळा सोडून त्याला तीस वर्षे झालेली असतात. तोच माणूस शाळेच्या सभेत मुका का होतो? कारण बाजारात त्याच्या हाती पट्टी येते आणि शाळेत येते रजिस्टर, तेही ठराव लिहून झाल्यावर. आमच्या गावांत हरिनाम सप्ताह बसतो. किती वर्गणी जमली, कुणी किती गहू दिला, आचाऱ्याला काय दिले, मंडपवाल्याचे किती राहिले, हे काल्याच्या कीर्तनानंतर वाचून दाखवतात किंवा देवळाच्या भिंतीवर लिहितात. तिथे कुणाला लेखापाल नेमावा लागत नाही. रक्कम अनेकदा शाळेच्या वर्षाच्या अनुदानाहून मोठी असते. यावर कुणी म्हणेल, तो पैसा त्यांचा स्वतःचा, म्हणून लक्ष. बरोबर. मग शाळेचा पैसा कुणाचा?

हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८८२ साली, शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात विचारला होता. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, शिक्षणाच्या नावाने शेतसाऱ्यावर लोकल फंडाची पट्टी घेतली जाते, आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. प्राथमिक शिक्षणाला पैसा वाढवा एवढेच ते सांगत नव्हते. ज्याच्याकडून घेता त्याला काय देता, याचा जाब विचारत होते. जाब विचारणारा खाली आणि देणारा वर, ही हिशोबाची खरी दिशा. आपण ती एकशे चाळीस वर्षांत उलटी करून घेतली. गंमत अशी की त्याच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला, आणि त्यातही हाच वाद आहे: स्थानिक लोकांना कारभार जमेल का? कारभार सुधारेल म्हणून हे करत नाही, लोकांचे राजकीय शिक्षण व्हावे म्हणून करतो, असे त्या ठरावाचे सूत्र होते. परक्या सरकारच्या प्रतिनिधीला जे उमगले, ते आपल्याला एका पालक अध्यक्षाच्या सहीपाशी उमगू नये?

पुढेही हे चक्र फिरतच राहिले. १९६१च्या कायद्याने जिल्हा परिषदा झाल्या, १ मे १९६२ पासून त्या कामाला लागल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. तेव्हाही खेड्यातले पुढारी शिक्षकांच्या बदल्यांत हात घालतील, ही ओरड होती, आणि त्यांनी तो घातलाही. शहरांत १९४७च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाखाली शिक्षण मंडळे होती. खरेदीवरून ती राज्यभर बदनाम झाली, २०१३ साली तो कायदाच रद्द झाला आणि मंडळे टप्प्याटप्प्याने संपली. मंडळे गेली, त्यांचे अधिकार महापालिकांकडे गेले. त्याने पालकांच्या हाती काय आले? काहीच नाही. खरेदी एका दालनातून दुसऱ्या दालनात गेली, एवढेच. प्रत्येक वेळी आपण रोगाचे निदान 'चुकीची माणसे' असे केले आणि औषध म्हणून पैसा आणखी वर नेला.

तो वर नेल्याने काय होते याचा अगदी ताजा धडा गणवेशाचा आहे, आणि या सगळ्या वादात त्याचा उल्लेख कुणी करत नाही याचे मला आश्चर्य वाटते. दोन गणवेशांसाठी एका मुलामागे ६०० रुपये मिळतात. दोनशे पटाच्या शाळेत सगळी मुले धरली तर १ लाख २० हजार, म्हणजे त्या शाळेच्या संयुक्त अनुदानाच्या दुपटीहून जास्त. समितीकडून होणाऱ्या खर्चात सर्वांत मोठा हाच. समित्या गावातल्या किंवा तालुक्याच्या दुकानातून कपडा घेत, शिंप्याकडून शिवून घेत. त्यात कमिशनच्या कुरबुरी होत्याच. मग 'एक राज्य, एक गणवेश' आले. २०२४-२५ मध्ये कापड राज्य पातळीवरून आले आणि शिलाई महिला बचतगटांमार्फत करून घ्यायचे ठरले. हेतू चांगला होता: सगळीकडे एकसारखा दर्जा, बायकांना काम, कमिशनला आळा. झाले काय? शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी कितीतरी शाळांत गणवेश पोहोचले नाहीत. पोहोचले त्यांतले अनेक मापात बसेनात, कापडाच्या तक्रारी आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचे काम पुन्हा समित्यांकडे दिले.

यातला फरक नीट पाहा. गावातल्या दुकानदाराने आखूड चड्डी दिली तर पोराची आई दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन ती त्याच्या पुढ्यात टाकते. मापे मुंबईहून आली तर ती कुणाच्या पुढ्यात टाकणार? समितीच्या खरेदीत कमिशन गेले असेल हे मी नाकारत नाही. पण त्या कमिशनला तोंड होते, आणि ते तोंड आठवडे बाजारात समोर येत होते. केंद्रीकरणाने चोरी थांबली की नाही हे मला सांगता येणार नाही; चूक दुरुस्त करण्याची सोय मात्र नक्की गेली.

आणि एवढे सगळे आपण दहा-पन्नास हजारांवर भांडतो आहोत. शाळेत येणारा खरा पैसा समितीच्या खात्यातून जातच नाही. वर्गखोल्यांचे बांधकाम, संगणक, डिजिटल फळा, बाके, प्रयोगशाळेचे संच या वस्तू वरून ठरतात, वरून खरेदी होतात आणि टेम्पोने येतात. नाशिक महापालिकेच्या शाळांत स्मार्ट वर्ग आले, तो खर्च कोटींत मोजायचा. अशा वेळी समितीने काय करायचे? डेडस्टॉकला नोंद घ्यायची. वस्तूची किंमत किती, हमी किती वर्षांची, बंद पडली तर फोन कुणाला करायचा, याचा कागद पालकांपुढे आला पाहिजे असा नियम का नाही? खडूच्या पेटीला तीन कोटेशने आणि लाखांच्या यंत्राला फक्त पोच? समितीच्या उत्तरदायित्वावर तावातावाने बोलणाऱ्यांनी आधी हा हिशोब मांडावा.

'पण लेखापरीक्षण आहे ना?' आहे. आपल्याकडचा स्थानिक निधी लेखापरीक्षेचा कायदा १९३० सालचा आहे, म्हणजे ही व्यवस्था शंभरीकडे चालली आहे. लेखापरीक्षक व्हाउचर पाहतो. व्हाउचर बरोबर असेल तर खर्च बरोबर. पाण्याची मोटार दुरुस्त केल्याचे बिल आहे, सही आहे, ठराव आहे; झाले. आमच्या समितीत मी बसलेल्या चारपैकी एका सभेत एका बाईंनी विचारले होते, 'मोटार दोनदा दुरुस्त झाली म्हणता, मग माझी पोरगी घरून बाटलीत पाणी का नेते? संडासला जायचं टाळते ती.' त्या सभेतला एकमेव खरा लेखा आक्षेप तो होता, आणि तो प्रोसिडिंगमध्ये आला नाही. १९९४ साली राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाया सुरू केल्या तेव्हा याहून वेगळे काय केले? सरकारी कामांची बिले आणि मस्टर गावापुढे मोठ्याने वाचली, इतकेच. कागदोपत्री नीट असलेल्या कामांत न केलेली कामे आणि कधी कामावर न आलेली माणसे निघाली. पुढे त्याच धडपडीतून माहिती अधिकाराची देशव्यापी मागणी उभी राहिली. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ तर न मागता माहिती जाहीर करायला सांगते. म्हणजे शाळेचा हिशोब भिंतीवर लावायला नवा कायदासुद्धा लागत नाही.

भिंतीवर कागद डकवून काय होणार, तो पावसात भिजेल, कुणी वाचणार नाही, असा एक थकलेला आक्षेप शिक्षकमित्र घेतात. मी त्यांना ओझरला जाऊन या म्हणतो. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्यावर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून ओझरच्या शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था उभ्या केल्या. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी त्यासाठी हयात घालवली, आणि २००३ पासून साऱ्या प्रकल्पाचे पाणी वाटण्याची जबाबदारी शेतकऱ्यांच्या संस्थांच्या महासंघाकडे गेली. २००५ साली राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला, त्याच्याआधीची ही गोष्ट. तिथे काय बदलले? पाणी एकराच्या अंदाजाने न मिळता मोजून मिळू लागले. संस्थेला किती घनमीटर आले, कुणी किती घेतले, पाणीपट्टी किती झाली, हे सभासदाला कळू लागले. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी मिळाले नाही तर मधल्याने किती उचलले हे त्याला आकड्याने सांगता येऊ लागले. तिथे गटबाजी नव्हती? जातीपाती, भाऊबंदकी नव्हती? सगळे होते. पण मोजमाप उघडे असले की भांडणसुद्धा मुद्द्याचे होते. याच तालुक्यांतला माणूस घनमीटर समजू शकतो आणि पंचवीस हजारांचा जमाखर्च समजू शकत नाही, हे मला कुणी तरी पटवून द्यावे.

आता नियम कसे हवेत. पहिली गोष्ट, पैशाच्या प्रमाणात. दहा हजारांच्या शाळेला आणि लाखाच्या शाळेला एकच कागदपत्रांचा भारा नको. छोट्या शाळेला एक साधी वही पुरे: आलेली तारीख, रक्कम, कशावर, कुणाकडून, किती उरले. 'आलेली तारीख' हा रकाना माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. २६ मार्चला मर्यादा पडली हे भिंतीवर लिहिले गेले, की पाच दिवसांत घाईने खर्च का झाला याचे उत्तर मुख्याध्यापकाला द्यावे लागणार नाही. ते जिल्ह्याला आणि राज्याला द्यावे लागेल. खालून वर जाणारा हा एकच प्रश्न कित्येक खोट्या तारखांची बिले थांबवू शकेल. त्याच्या जोडीला वर्षाच्या सुरुवातीला निम्मे अनुदान देण्याचे बंधन सरकारने स्वतःवर घालून घ्यावे. जबाबदारी फक्त खालच्याचीच असते का?

मग हात वेगळे करणे. ज्याने माल निवडला त्याने 'माल मिळाला' अशी सही करू नये. माल मिळाल्याची सही समितीतल्या दोन माता-सदस्यांनी करावी, कारण झाडू टिकेल की नाही आणि टाकीचे झाकण बसते की नाही हे त्यांना खरोखर कळते. सदस्याच्या किंवा शिक्षकाच्या नातलगाकडून खरेदी असेल तर ती आपोआप अवैध ठरवू नये. लहान गावात हार्डवेअरचे दुकान एकच असते आणि ते कुणाच्या तरी मेहुण्याचे असणारच. पण ते नाते ठरावात लिहिलेले असावे आणि सभेत वाचून दाखवावे. लपवले तर कारवाई. त्याचप्रमाणे लेखापरीक्षणाने पद्धतीची चूक आणि अपहार यांत फरक करायला शिकले पाहिजे. तिसरे कोटेशन नाही हा एक गुन्हा आणि नळ बसलाच नाही हा दुसरा. दोघांना एकाच भाषेतला परिच्छेद मिळतो, म्हणून प्रामाणिक मुख्याध्यापक खर्चच करत नाही आणि पैसा परत जातो. पैसा परत गेला तर आक्षेप निघत नाही, पोरे मात्र गळक्या पत्र्याखाली बसतात.

लोकवर्गणीचे एक कलम वेगळे हवे. गेल्या दहा वर्षांत शाळा डिजिटल करण्यासाठी गावांनी, माजी विद्यार्थ्यांनी, कंपन्यांनी बराच पैसा दिला, आणि शिक्षकांनी तो मनापासून जमवला. हा पैसा सरकारी नाही, म्हणून सरकारी तपासणीत तो येईलच असे नाही. आणि तो शाळेच्या नावाने जमला, म्हणून खासगीही नाही. दर रुपयाला पावती आणि देणाऱ्याच्या नावासह भिंतीवर यादी, एवढे केले तरी शिक्षकाचे रक्षण होईल. आज मात्र त्याच्यावर कुणीही बोट ठेवू शकतो आणि त्याच्याकडे दाखवायला काही नसते.

शिकागोचा दाखला काही अभ्यासक देतात, तोही पाहू. १९८८च्या कायद्याने त्या शहरातल्या सरकारी शाळांना निवडून आलेल्या स्थानिक परिषदा मिळाल्या. त्यांत पालकांचे बहुमत आणि मुख्याध्यापक नेमण्याचा अधिकारसुद्धा. काही परिषदा उत्तम चालल्या, काही भांडणात बुडाल्या. इथे तो प्रयोग जसाच्या तसा नको, मुख्याध्यापकाची नेमणूक गावाकडे गेली तर काय होईल याची कल्पना मला आहे. त्यातून मी घेतो ते एवढेच, की अधिकार खरा असला की माणसे सभेला येतात. सहीपुरत्या बोलावलेल्या माणसाने वेळ का मोडावा?

आणि सभेला येण्यावरून आठवले. पालक सभेला येत नाहीत, हा सगळ्या आक्षेपांचा बाप. सुरगाण्यातल्या पाड्यावरचा बाप आषाढ-श्रावणात भातलावणीला घरीच असतो. दिवाळीनंतर तो बायकोसह बागेत जातो आणि शिमग्याच्या सुमारास परततो. आराखडा ठरवायची आणि हिशोब वाचायची सभा त्या भागात ऑगस्टमध्ये, संध्याकाळी सातला, देवळापुढे ठेवता येते. शहरात रविवारी ठेवता येते. आम्ही ती ठेवतो फेब्रुवारीत, कामाच्या दिवशी, सकाळी अकराला, आणि मग प्रोसिडिंगमध्ये लिहितो: 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब. अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा घेण्यात आली. सर्व विषय एकमताने मंजूर.'